नाक्यावर सिस्टरला सूट मिळते का?

आपल्या वस्त्यांतल्या अनेक घरांतून आज कुणी ना कुणी दवाखान्यात कामाला जाते. कुणाची लेक जीएनएम होऊन जालन्याला नोकरी करते, कुणाची सून उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे, कुणाची आई आशाताई आहे. घनसावंगीसारख्या तालुक्यात गावे लांब लांब आणि एसटीच्या वेळा ठरलेल्या, म्हणून यांतल्या बऱ्याच जणींच्या हाताशी आता स्कुटी आली आहे. त्यामुळे घराघरांत हा प्रश्न निघतो : पोलिसांनी गाडी अडवली आणि "साहेब, मी सिस्टर आहे, ड्युटीवर चाललेय" असे सांगितले, तर सोडतात का?

सरळ उत्तर असे की, कधी कधी सोडतात. पण सोडणे ही त्या वेळच्या त्या पोलिसाची मर्जी असते. कायद्याने सिस्टरला तशी कोणतीही सूट दिलेली नाही. आणि मर्जीवर मिळालेल्या सुटीची किंमत पुढे कधी कधी घरालाच मोजावी लागते. ती कशी, हे आम्ही या महिन्यात मांडत आहोत.

पोलीस का सोडतात?

तालुक्याच्या गावी पोलीस आणि सिस्टर एकमेकांना रोज भेटतात. रस्त्यावर अपघात झाला, भांडणात कुणाचे डोके फुटले, कुणी विषारी औषध घेतले, की पोलीस ग्रामीण रुग्णालयात येतात. डॉक्टर तपासतात, सिस्टर जखम धुते, सलाईन लावते, रजिस्टरला नोंद होते, हवालदार जबाब घेतो. दोघांचीही रात्रपाळी असते. दोघेही सणावाराला घरी नसतात. त्यातून ओळख होते, आपुलकी होते. नाक्यावर तीच सिस्टर दिसली, की "जा ताई, पण उद्यापासून हेल्मेट घाला" असे म्हणून वाट मोकळी होते.

यात कुणाचे वाईट हेतू असतात असे आम्ही म्हणत नाही. रात्री अकराला कामावर निघालेल्या बाईला थांबवून ठेवू नये, असे वाटणे माणुसकीचेच आहे. समज देऊन सोडणे आणि पावती फाडणे, यांतले काय करायचे हे पुष्कळदा जागेवरचा पोलीसच ठरवतो. पण जे तो ठरवतो ते आपण हक्काने मागू शकत नाही. शिवाय आता चौकातल्या कॅमेऱ्याने फोटो काढला, की ई-चलान थेट मोबाइलवर येते. कॅमेरा गणवेश पाहत नाही आणि ओळखही ठेवत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि दंड वाढले. त्यातले कलम १२९ सांगते की दुचाकी चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घातलेच पाहिजे. चार वर्षांवरच्या मुलालाही ते लागते. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना यातून वगळले आहे. नर्स, डॉक्टर, आशा, वकील, पत्रकार यांच्यापैकी कुणालाही वगळलेले नाही. हेल्मेट नसल्यास कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. लायसन्सशिवाय गाडी चालवली तर ५,००० रुपये, विम्याशिवाय चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्य सरकार ठरवते, त्यामुळे पावतीवरचा आकडा वेगळा असू शकतो.

मग तातडीच्या सेवेला काहीच सवलत नाही का? आहे, पण ती गाडीला आहे. सायरन वाजवत निघालेली रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी यांना वाट देणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही सवलत त्या गाडीत झोपलेल्या पेशंटसाठी आहे. सिस्टरची स्कुटी, तिच्यात लसीचा डबा असला तरी, कायद्याच्या नजरेत साधी दुचाकीच असते. आणि लसीच्या डब्यात बर्फाचे पॅक नीट भरलेले असतील, तर दहा मिनिटे थांबल्याने लस खराब होत नाही. त्या भीतीने गाडी दामटू नये.

याच कायद्यातली आणखी एक गोष्ट लोकांना फारशी माहीत नसते. कलम २१० ब म्हणते की, हा कायदा राबवण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच तो मोडला, तर त्यांना दुप्पट दंड. म्हणजे ज्याच्या हातात शिट्टी आहे त्यालाही सूट नाही, उलट त्याच्यावर जास्त भार आहे.

काही जणी गाडीच्या पुढे लाल क्रॉसचे स्टिकर लावतात. त्याने गाडी सोडतात, असा समज आहे. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे चिन्ह युद्धात जखमींची सेवा करणाऱ्या लष्करी वैद्यकीय दलाचे आणि रेडक्रॉस संस्थेचे आहे. जिनिव्हा करार अधिनियम १९६० नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरणे गुन्हा आहे. दंड लहान आहे, ५०० रुपयांपर्यंत. पण सूट मिळावी म्हणून लावलेले स्टिकरच नियम मोडणारे असते, हे ध्यानात असू द्या. मोटारींवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याही गाड्यांवरून उतरले. मग स्टिकरची काय कथा?

करोनाच्या काळात मात्र सोडत होते ना?

होय, सोडत होते. पण ते कशाच्या बळावर, हे नीट पाहिले पाहिजे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा आरोग्यसेवा अत्यावश्यक म्हणून लेखी आदेशातच वगळली होती. सिस्टर ओळखपत्र दाखवून पुढे जात होती. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत राज्यात 'ब्रेक द चेन'चे निर्बंध आले. तेव्हा मुंबई पोलिसांनी गाड्यांसाठी रंगीत स्टिकर काढले : डॉक्टर, नर्स आणि वैद्यकीय सेवेला लाल, भाजीपाला आणि अन्नधान्याला हिरवा, इतर अत्यावश्यक कामांना पिवळा. आठवडाभरातच ही पद्धत थांबवण्यात आली. तरी त्या काळातही लाल स्टिकरने रस्त्यावर येण्याची मुभा दिली होती, हेल्मेट न घालण्याची नव्हे.

त्याच वर्षांत दुसरे एक संरक्षण मिळाले. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमाने साथरोग कायदा बदलला आणि साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणे अजामीनपात्र गुन्हा ठरला. नर्स आणि आशाताई दोघी त्यात येतात. महाराष्ट्रात तर दवाखान्यातल्या हिंसेविरुद्धचा कायदा २०१० पासूनच आहे. या सगळ्यांतून एकच गोष्ट दिसते. ज्या गोष्टी आपल्या बहिणींना खरोखर मिळाल्या, त्या कागदावर, सर्वांसाठी आणि कारण देऊन मिळाल्या.

सोडले, पण वाचलो का?

आता खरा आरोग्याचा मुद्दा. पोलिसाने सोडले म्हणून रस्ता सोडत नाही.

२०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ५०,०२९ माणसे हेल्मेट न घातलेली दुचाकीवरची होती. आणि या पन्नास हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. म्हणजे नवऱ्याने किंवा भावाने ड्युटीला सोडायला नेलेली बाईसुद्धा यात येते. आपल्याकडे पुढचा हेल्मेट घालतो आणि मागची डोक्यावर पदर घेऊन बसते. पदराने डोके वाचत नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसले, की हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

घनसावंगी तालुक्यातल्या रस्त्यांचे रूप सगळ्यांना ठाऊक आहे. तीर्थपुरीला साखर कारखाना आहे. ऊसतोडीच्या हंगामात दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या अंधारात चालतात. मागे लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, अशी ट्रॉली चाळीसच्या वेगातही शेवटच्या क्षणीच दिसते. अशा अपघातात डोक्याला मार लागला, तर पेशंटला अंबडमार्गे जालन्याला आणि तिथून गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते. मेंदूला मार लागलेल्या माणसासाठी तो वेळ फार मोठा असतो.

दुसरे नुकसान पैशाचे आहे. गाडीच्या मालकाने स्वतः चालवताना मृत्यू आला किंवा कायमचे अपंगत्व आले, तर घराला भरपाई मिळावी म्हणून १५ लाखांचे अपघात विमा संरक्षण असते. पण चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नसेल, तर त्यावरचा दावा टिकत नाही. गाडीचा विमा संपलेला असताना आपल्या गाडीने कुणी जखमी झाले, तर भरपाई आपल्या पगारातून, घरातून, शेतातून द्यावी लागते. नाक्यावरचा साहेब म्हणाला होता "जा ताई", हे न्यायाधिकरणापुढे सांगून चालत नाही. पोलिसाने त्या दिवशी हजार-दोन हजार वाचवले. पण तेव्हाच पावती फाडली असती तर दुसऱ्या दिवशी विमा भरला गेला असता.

रात्रपाळीनंतरची झोप

सिस्टर मंडळींना दारूच्या नशेत गाडी चालवणाऱ्याचा राग येतो. येणारच, कारण त्याने पाडलेल्या माणसांना टाके त्याच घालतात. पण झोपेची नशा कुणी मोजत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हातपाय आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावते. २४ तास जागरण झाले, की ते ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला जाते. आपल्या कायद्यात दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. याचा अर्थ असा, की सकाळी उठून घरची कामे केली, मुलांचे पाहिले, दुपारी झोप मिळाली नाही आणि तशीच रात्रपाळी करून जी बाई सकाळी आठला स्कुटीवर बसते, ती न पिताही मर्यादेच्या तिप्पट नशेत असल्यासारखी असते. श्वास तपासण्याच्या यंत्रात हे दिसत नाही. पोलीस तिला सोडणारच. ती मात्र सुरक्षित नसते.

म्हणून रात्रपाळीच्या दिवशी दुपारी दोन-तीन तास झोप मिळणे हे औषधाइतकेच गरजेचे आहे. घरातल्यांनी ते कामात धरावे. "दिवसभर घरी तर असते" असे म्हणून तिच्यावर स्वयंपाक, धुणे आणि पाहुणे टाकू नयेत. ड्युटी संपल्यावर डोळे जड असतील तर दवाखान्यातच वीस मिनिटे डुलकी घ्यावी, मग निघावे. जमेल तिथे एसटीने यावे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. वाटेत जांभया आल्या, मागचे एक-दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, तर गाडी बाजूला घेऊन थांबावे. चहा घेतला की झाले, असे समजू नये. चहाने झोप थोडी लांबते, भरून निघत नाही.

उपकाराचे ओझे

सुटीची आणखी एक बाजू आहे आणि ती सिस्टरच्या कामाशी जोडलेली आहे. अपघाताची किंवा मारहाणीची केस आली, की रुग्ण किती वाजता आला, कुणी आणला, शुद्धीत होता का, याची नोंद दवाखान्यात होते. ती पुढे कोर्टात पुरावा ठरते. ज्याने नाक्यावर तीनदा सोडले, त्यानेच एखाद्या रात्री "ताई, वेळ जरा मागेपुढे लिहा" असे म्हटले तर? सगळेच म्हणतील असे नाही. पण उपकार घेतलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, हे आपण सगळे जाणतो. आणि त्या नोंदीवर ज्याचा न्याय अवलंबून आहे तो पुष्कळदा आपल्याच वस्तीतला गरीब माणूस असतो.

अमेरिकेतही नर्सला पोलीस सहसा सोडतात, असा समज आहे. तिथलीच एक घटना जगभर गाजली. २६ जुलै २०१७ रोजी युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या विद्यापीठ रुग्णालयात अपघातात भाजलेला एक ट्रकचालक बेशुद्ध पडून होता. पोलीस डिटेक्टिव्हने त्याचे रक्त मागितले. ॲलेक्स वबल्स या नर्सने रुग्णालयाचा नियम वाचून दाखवला : रुग्णाची संमती नाही, कोर्टाचा आदेश नाही, त्याला अटकही झालेली नाही, म्हणून रक्त घेता येणार नाही. डिटेक्टिव्हने तिलाच बेड्या घालून बाहेर ओढले. चित्रफीत बाहेर आल्यावर त्या डिटेक्टिव्हची नोकरी गेली आणि नर्सला पाच लाख डॉलरची भरपाई मिळाली. तिला त्या प्रसंगी वाचवले ते हातातल्या लेखी नियमाने. तिथे पोलिसांशी ओळख असणे कामाचे नव्हते. बेशुद्ध माणसाच्या बाजूने ती उभी राहू शकली, कारण ती कुणाची मिंधी नव्हती.

जिची ओळख नाही तिचे काय?

ओळखीवर मिळणारी सूट सगळ्यांना सारखी मिळत नाही. मोठ्या दवाखान्यातली, पांढऱ्या कोटातली, गाडीवर पक्षाचे किंवा पदाचे नाव असलेली व्यक्ती सुटते. सायकलीवरून किंवा जुन्या गाडीवरून येणारी सफाई कामगार बाई, खासगी दवाखान्यात कमी पगारावर राबणारी आया, गणवेश नसलेली आशाताई यांना कुणी ओळखत नाही. त्यांची पावती फाटते. आडनाव ऐकून बोलण्याचा सूर बदलल्याचा अनुभवही आपल्या माणसांना नवा नाही. वशिल्याची व्यवस्था ज्याच्याकडे वशिला आहे त्याच्याच कामाची असते.

बाबासाहेबांनी संविधानात कलम १४ मध्ये कायद्यापुढे सगळे समान ही हमी सर्वांना दिली. ती हमी आपल्या बाजूची आहे, कारण आपल्याकडे दुसरा वशिला नाही. म्हणून आपल्या लेकीने "मी सिस्टर आहे, सोडा" असे म्हणण्याची सवय लावून घेऊ नये. कागद पूर्ण असलेली, हेल्मेट घातलेली बाई नाक्यावर मान वर करून थांबते. तिला कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

गाडी अडवली तर

१. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गणवेशातल्या पोलिसाने थांबवले तर थांबणे आणि मागितल्यास लायसन्स दाखवणे बंधनकारक आहे.

२. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी मोबाइलमध्ये डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर ठेवा. ते कागदाइतकेच चालतात. मात्र गॅलरीतला साधा फोटो वेगळा आणि डिजिलॉकरमधला दाखला वेगळा.

३. ड्युटी असेल तर ओळखपत्र दाखवून शांतपणे सांगा : "साहेब, आठची ड्युटी आहे. चूक असेल तर चलान करा, मला लवकर मोकळे करा." यात खोटे नाही आणि लाचारीही नाही.

४. पैसे द्यायचे तर चलानावरच द्या. पावतीविना दिलेला रुपया दंड नसतो.

५. चलान चुकीचे वाटले तर तक्रार करता येते. प्रलंबित चलानाची प्रकरणे राष्ट्रीय लोकअदालतीतही ठेवली जातात. नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका.

६. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. अडचण वाटली तर ११२ ला फोन करा.

७. कुणी चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ आपल्यासाठी आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे. वेळ, जागा आणि साक्षीदार लगेच लिहून ठेवा.

८. वाटेत अपघात दिसला तर थांबून मदत करायला भिऊ नका, १०८ ला फोन करा. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. नाव सांगण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. सिस्टरला इथे खरोखर कायद्याची पाठराखण आहे.

मागायचेच असेल तर हे मागा

सूट मागण्यापेक्षा मागण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. रात्रपाळीनंतर टेकायला दवाखान्यात एक स्वच्छ खोली. सलग रात्रपाळ्यांना मर्यादा. मुक्कामाच्या ठिकाणी राहण्याजोगे निवासस्थान. रात्री सुटणाऱ्या महिलांना घरापर्यंत गाडी. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना मागून चकाकणाऱ्या पट्ट्या. खासगी दवाखान्यात ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांनी हेही माहीत करून घ्यावे, की कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरला जातो. ही तरतूद ईएसआय कायद्यात २०१० मध्ये आली. यासाठी अर्ज करा, संघटनेतून बोला, ग्रामसभेत मांडा.

आणि एक काम घरातच करता येईल. लेकीला नोकरी लागली की आपण साडी घेतो, मोबाइल घेतो. यंदा आयएसआय शिक्का असलेले हेल्मेट घ्या, एक तिच्यासाठी आणि एक मागे बसणाऱ्यासाठी. गाडीच्या मागच्या चाकाला साडी-ओढणी अडकू नये म्हणून जाळी आहे का, ते पाहा. विम्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. जिच्या हाताने दुसऱ्यांचे प्राण वाचतात, ती रोज संध्याकाळी धडपणे घरी आली पाहिजे.